तिकडच्या गावाचं नाव

मित्वल्लीच्या डाव्या हाताची बोटं पांघरुणावर हलत होती.

इन्शिराह भाताची ताटली घेऊन आत आली ती दारातच थांबली. मोबाइलवर बंदरातलं जुनं लढाईचं गाणं चालू होतं, आख्ख्या पोर्ट सईदला तोंडपाठ असलेलं. पण भावाची बोटं त्या गाण्याच्या मागे नव्हतीच. ती आपल्याच चालीनं चालली होती. एक खाली, दोन खाली, एक वर, जरा थांब, पुन्हा एक खाली. तोंड भिंतीकडे आणि बोटं चालू.

अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मित्वल्लीची उजवी बाजू लाकडासारखी पडून होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. ज्यानं जन्मभर दिवसा गोदीत पोती वाहिली आणि संध्याकाळी सिमसिमियाचं तारवाद्य मांडीवर घेऊन कॉफीखान्यात गल्ली गोळा केली, तो माणूस आता पाणी हवं असलं तर नुसती भुवई उचलायचा. वाचेचे व्यायाम घेणारी डॉक्टरीण यायची. तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "बोलायची वाट बुजली तरी गाण्याची कधी कधी उघडी राहते, हाज्जा. यांच्या हाडात मुरलेली गाणी लावा. गाण्याबरोबर एखादा शब्द आला, तर त्याच्या मागून बाकीचे ओढता येतील. पण लवकर. जितका उशीर, तितकं अवघड."

तेव्हापासून इन्शिराह गाणी लावत होती. मुलानं कुवेतहून पाठवलेला मोबाइल उशाशी ठेवायची आणि एकामागून एक लावायची. मित्वल्ली थोडा वेळ ऐकायचा आणि भिंतीकडे वळायचा. गाणी त्याची खरी, पण ती सगळ्यांचीच होती.

तिनं ताटली खाली ठेवली, मोबाइल बंद केला आणि त्याच्या हाताकडे बघत बसली. सिमसिमियाला उजवा हात सगळ्या तारा एकदम छेडतो. डाव्या हाताचं काम नको त्या तारा मागून दाबून गप्प करायचं. गाणं जे ऐकू येतं ते खरं डाव्या हातानं राखून ठेवलेलं असतं. लहानपणापासून ती या बोटांसमोर बसली होती. तिनं ओठांतल्या ओठांत दोन-तीन चाली लावून पाहिल्या. बसेनात. मग चौथी लावली आणि तिच्या अंगावर काटा आला.

"कालव्या रे, दार उघड," ती हळूच म्हणाली, "चुलीवर ठेवलंय आधण..."

मित्वल्लीनं मान वळवली. किती दिवसांनी त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तोंड उघडलं, ओठ थरथरले, आणि नुसता वारा बाहेर आला. तो थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पुढची ओळ हवी होती त्याला.

पुढची ओळ तिला येत नव्हती. कुणालाच येत नव्हती.

*

ते गाणं त्यानं हिजरतीत केलं होतं. लढाईनंतर कालव्याकाठची शहरं रिकामी केली, तेव्हा इन्शिराह दातपडकी पोरगी होती आणि मित्वल्ली मिसरूड फुटलेला. लोकांना आतल्या बाजूला, शेतीच्या गावांत नेऊन ठेवलं. कुणाला कुठे, कुणाला कुठे. त्यांना एका शाळेत ठेवलं होतं. वर्गाच्या मधोमध दोरी, दोरीवर घोंगड्या, पलीकडे दुसरं कुटुंब. भिंतीवर फळा होता आणि फळ्यावर कुणा मास्तरनं अर्धवट टाकलेला धडा. तो कुणी पुसला नाही आणि इन्शिराहला तो वाचता आला नाही. शाळेत राहून ती निरक्षर राहिली. यावर ती पुढे पन्नाशीनंतर, साक्षरतेच्या वर्गात बसल्यावर हसली. तोवर हसू आलं नव्हतं.

मित्वल्लीनं ते गाणं पुरं असं एकदाच म्हटलं. गावात मुखियाच्या घरी लग्न होतं आणि शाळेतल्या लोकांना दम्म्याला बोलावलं होतं. दम्मा म्हणजे गोल करून बसायचं, एकानं गायचं, बाकीच्यांनी टाळ्या धरायच्या. गाणारा मधेच कुणाचंही नाव घेऊन हाक मारतो. ज्याला हाक मारली त्यानं टाळी वाढवायची, नाहीतर सगळे हसतात. त्या लग्नातलं इन्शिराहला एवढंच आठवत होतं, की खिडकीत एक पेटी ठेवली होती आणि तिच्यावर दोन चाकं फिरत होती. चाकांकडे बघता बघता ती आईच्या मांडीवर झोपून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई तापानं गेली. तिला तिथेच पुरलं. मित्वल्लीनं ते गाणं पुन्हा तोंडात घेतलं नाही. आणि परत आल्यावर, खारं वारं नाकात भरून घेताना बाप म्हणाला, "त्या गावाचं नाव या घरात निघायला नको." निघालंही नाही. कुणी विचारलं तर 'हिजरतीत होतो' म्हणायचं. घरात म्हणायचं 'तिकडे'. आई तिकडे आहे.

*

खैरियाचं मासळीचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. इन्शिराह आणि ती साक्षरतेच्या वर्गात एका बाकावर बसलेल्या. खैरिया बोय साफ करत होती आणि इन्शिराह शेजारच्या स्टुलावर बसून एका बोटानं मोबाइलवर अक्षरं दाबत होती.

"काय लिहिलंस?"

"मित्वल्ली. सिमसिमिया. पोर्ट सईद. हिजरत. गाणं. जुनं."

"एवढं सगळं? नवरामुलगा शोधतेयस का? रंग-उंची पण लिही."

"गप. आलं बघ." इन्शिराहनं मोबाइल लांब धरला. "मित्वल्ली... मिठाईवाले. हा मित्वल्ली फुटबॉल खेळतो. ही हॉटेलातली सिमसिमिया, हे बघ, मागे पोहायचा तलाव आहे."

"आणि ते हिरवं काय?"

इन्शिराहनं अक्षर अक्षर लावून वाचलं. "हिजरत... कॅ-न-डा. कागदपत्रांची सगळी सोय होईल."

खैरियानं सुरी खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "चल, जाऊ या! तिथं म्हणे बर्फातून मासे काढतात. आपण खवले काढू, तू भावासाठी गाणं शोध."

इन्शिराह हसली नाही. खैरियानं ते पाहिलं आणि कपड्याला हात पुसत जवळ आली.

"अगं, पेटी होती म्हणतेस ना? चाकांची, आवाज भरून घेणारी? मग कुठंतरी असेलच ते. माणसं आजकाल दाढ काढली तरी मोबाइलवर टाकतात."

"असेल तर मिळत का नाही?"

"मला काय विचारतेस? मला पाण्यातला मासा सापडतो, मोबाइलमधला नाही. अब्लाला बोलाव."

अब्ला सुहैर ही त्यांची वर्गातली बाई. वयानं दोघींहून लहान, आता निवृत्त. निरोप मिळाल्यावर ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. खैरियानं तिला सगळ्यांत चांगली खुर्ची दिली, खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि तळलेली बोय पुढं ठेवली.

"आधी खा, अब्ला, मग शिकवा. उपाशी मास्तर मारतो."

"मी कधी मारलंय तुम्हाला, खैरिया?"

"नजरेनं मारायचात."

अब्लानं मोबाइल घेतला. इन्शिराहनं काय काय लिहून पाहिलं ते सगळं वाचलं आणि मान हलवली.

"हाज्जा इन्शिराह, तुम्ही फार बोलताय त्याच्याशी. दुकानात गेल्यावर असं सांगता का, की माझ्या भावाला आवडायचा, पाऊस असताना खाल्लेला, तो मासा द्या?"

"खैरियाच्या दुकानात सांगते."

"ती तुमची मैत्रीण आहे, हा नाही. याला थोडेच शब्द सांगायचे. पण नेमके. आता बघा, हे शब्द एकमेकांपासून सुटायला नको असतील, तर त्यांना दोन्ही बाजूंनी ही दुहेरी चिन्हं लावायची. गॅलरीत कपडे वाळत घालताना चिमटे लावता ना, तसं. मग वाऱ्यानं एक इकडे, एक तिकडे असं होत नाही."

इन्शिराहनं 'कालव्या रे दार उघड' लिहिलं आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले. बोट दाबलं. काहीच आलं नाही.

"काहीच नाही? हे तर आणखी वाईट!" खैरिया म्हणाली.

"वाईट नाही. एवढंच कळलं, की ज्यानं कुणी टाकलं असेल त्यानं गाण्याची ओळ लिहिलेली नाही. त्याला ओळ माहीत नसेल." अब्लानं पुढचं दाखवलं. "नको असलेला शब्द असेल तर त्याच्या आधी ही आडवी रेघ. मित्वल्ली हवा, पण फुटबॉल नको."

"माझ्या नवऱ्याच्या आधी लावायला हवी होती ही रेघ," खैरिया पुटपुटली.

रेघ लावली. फुटबॉलवाला गेला, मिठाईवाले गेले. मग मित्वल्लीही गेला. उरलं ते पोर्ट सईदचं, नव्या पोरांचं, दिव्यांच्या झगमगाटातलं. इन्शिराहनं मोबाइल मांडीवर ठेवला.

अब्ला पुन्हा बोयकडे वळली. काटे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "एक विचारू? ती चाकांची पेटी कुणाची होती? तुमच्यापैकी कुणाची?"

"आमच्याकडे कुठली पेटी! घोंगड्या होत्या. पेटी त्या गावच्या कुणाचीतरी."

"मग हाज्जा, जे काही उरलं असेल ते त्यांच्याकडे उरलं असेल. तुम्ही मघापासून तुमच्या नावानं शोधताय. त्यांच्या लेखी ते पोर्ट सईदचं गाणं नाहीच. त्यांच्या घरचं लग्न आहे. वस्तू ज्यानं ठेवली, त्यानं तिला काय म्हटलं असेल ते शोधायचं. आपण काय म्हणतो ते नाही." तिनं पाण्याचा पेला उचलला. "गाव कोणतं?"

इन्शिराहनं मांडीवरचा मोबाइल उलटा केला.

"हिजरतीत होतो आम्ही," ती म्हणाली.

"हो, पण हिजरत हे गावाचं नाव नाही ना. माझी आईही असंच म्हणायची. मला मोठी होईपर्यंत वाटायचं, हिजरत म्हणून एखादं स्टेशन असेल आणि तिथं गाडी थांबत असेल. तुमचं कोणतं गाव?"

"तिकडचं."

खैरियानं अब्लाला डोळ्यानं खूण केली, नको. अब्लानं पुन्हा विचारलं नाही. निघताना तिनं इन्शिराहचा हात हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, "यंत्राला 'तिकडे' कळत नाही, हाज्जा. त्याला काही दुखत नाही ना, म्हणून."

*

पोर्ट सईदच्या माणसाला एकट्यानं बसायचं असलं की तो फेरीबोटीत जाऊन बसतो. तिकीट नाही, कुणी विचारत नाही. या काठावरून त्या काठावर, हवं तर परत. इन्शिराह दुपारच्या नमाजानंतर गेली आणि कठड्याजवळच्या बाकावर बसली. सीगल पक्षी पावाच्या तुकड्यांसाठी भांडत होते. लांबून एक मोठं जहाज सावकाश येत होतं, एखादी इमारत चालत यावी तसं.

मोबाइल उघडला. शोधायच्या जागी ती बारीक रेघ लुकलुकत होती, काय ते लिही म्हणून वाट बघत.

बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्याचं थडगं इथं होतं, समुद्राच्या बाजूला. आईचं तिकडे. बापाला नाव का नको होतं ते तिला आज, या बाकावर, जरा कळलं. नाव घेतलं की रस्ता दिसतो. रस्ता दिसला की जावं लागतं. आणि गेलं की तिथं ती मातीखाली असते.

तिनं 'कफ्र' लिहिलं. मग बराच वेळ समोरचं पाणी पाहिलं. मग 'शाहीन'. कफ्र शाहीन. साक्षरतेच्या वर्गात तिनं स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं, तेव्हाही हात एवढा जड झाला नव्हता.

पुढे लिहिलं, 'मुहाजिर', घरदार सुटून आलेला. कफ्र शाहीनमधली पोरं त्यांच्या मागे हेच ओरडत यायची. विहिरीवर, गिरणीत, सगळीकडे. मुहाजिर, ए मुहाजिर. तिनं बोट दाबलं. खताचं दुकान आलं. एक रस्त्याची बातमी आली. बाकी काही नाही.

अब्लाचं बोलणं तिला आठवलं. ज्यानं ठेवलं, त्यानं काय म्हटलं असेल. तिनं 'मुहाजिर' शब्द पुसला. एकेक अक्षर मागे घेत, सावकाश. त्या जागी 'लग्न' लिहिलं. थोडं थांबून पुढे 'सिमसिमिया'.

एकच गोष्ट आली. पिवळट पडलेल्या चाकाच्या पेटीचं चित्र आणि खाली लिहिलेलं. तिनं बोटानं धरून वाचलं, धडा वाचावा तसं.

'कफ्र शाहीन. बदीआचं लग्न. कालव्याकडच्या पाहुण्यांची रात्र.'

पाहुण्यांची.

तिनं पुन्हा वाचलं. आपलं चुकतंय असं वाटून शेजारी बसलेल्या बाईला मोबाइल दाखवला. "बाई, हे काय लिहिलंय गं? एवढा एक शब्द."

"पाहुणे," ती बाई म्हणाली. "डोळे आलेत का, मावशी? पाणी येतंय."

"वारं आहे," इन्शिराह म्हणाली.

तिनं मोबाइल कानाशी धरला. आधी गलका, भांडी, कुणाचंतरी खोकणं. मग तारा. मग एक आवाज, कोवळा, जरा वरच्या सुरात, स्वतःवर खूश असलेला. 'कालव्या रे, दार उघड, चुलीवर ठेवलंय आधण...' बोटीचं इंजिन गुरगुरत होतं, सीगल ओरडत होते, आणि तिनं दुसरा कान हातानं घट्ट दाबून धरला. टाळ्या सुरू झाल्या. पहिलं कडवं सुरू होतंय असं वाटलं आणि खट्. संपलं.

बोट या काठाला लागली, माणसं उतरली, चढली. पुन्हा त्या काठाला लागली. इन्शिराह तेवढंच परत परत ऐकत बसून राहिली.

*

"त्याच्याखाली लिही ना," खैरिया म्हणाली. "लोक लिहितात. सुंदर, वा, अल्ला बरकत देवो. तू पण लिही."

इन्शिराहनं दुकानात बसून लिहिलं. अख्खी दुपार गेली. लिहून वाचून दाखवलं.

"मी मित्वल्लीची बहीण. आम्ही शाळेत राहत होतो. गाणारा तो आहे. आता आजारी आहे, बोलत नाही. पुढचं गाणं असलं तर पाठवा."

"सलाम कुठाय?"

"काय?"

"सलाम! कसे आहात, बरे आहात का! कुणाच्या दारात जाऊन डबा दे माझा, असं म्हणतात का? त्यांनी पाहुणे लिहिलंय आणि तू अशी."

इन्शिराहनं वर सलाम लिहिला. खाली मोबाइलचा नंबर घातला. मग आठवून शेवटी घातलं, 'आमची आई उम्म मित्वल्ली तुमच्या गावात आहे.'

दिवस गेले. डॉक्टरीण येऊन गेली, मित्वल्लीला आ, ऊ करायला लावून गेली. त्यानं आ केलं, ऊ केलं नाही. इन्शिराह त्याच्यासमोर तो छोटासा तुकडा लावायची नाही. अर्धं गाणं लावून त्याला पुन्हा त्या ओळीपाशी उभं करायचं, हे तिच्यानं होईना.

मग एका सकाळी ती खैरियाच्या दुकानात तिसऱ्या निवडत असताना फोन वाजला. ओळखीचा नंबर नव्हता.

"सलाम अलेकुम. खाला इन्शिराह का?" पुरुषाचा आवाज, शेताकडची बोली. "मी अब्दुल-बारी. कफ्र शाहीनहून. पंपांची दुरुस्ती करतो, शेतात होतो इतके दिवस, बघितलंच नाही. आजच बघितलं. आईला वाचून दाखवलं तर ती उठून उभी राहिली. तिला गुडघ्यांनी उठवत नाही, खाला."

"तुझी आई कोण, बाळा?"

"बदीआ. तिचंच लग्न ते."

इन्शिराहनं तिसऱ्यांचं ताट बाजूला सारलं. खैरिया सुरी हातात धरून, तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

"आमचे मामा शाळेत मास्तर होते," अब्दुल-बारी सांगत होता. "पेटी त्यांची. गाणं आख्खं आहे. मी फक्त सुरुवात टाकली होती, लोक लांबलचक ऐकत नाहीत म्हणून. आज पाठवतो सगळं."

"बाळा," इन्शिराहनं विचारलं, "तुम्ही पाहुणे का लिहिलं?"

तो गोंधळला. "मग काय लिहू? आजोबा तसंच म्हणायचे. पाहुण्यांची रात्र. आमच्या घरात तसंच म्हणतात."

"पोरं तर दुसरंच म्हणायची."

"पोरं, खाला! पोरं आजही मला पंप्या म्हणतात." तो हसला, मग थांबला. "आई म्हणतेय सांग. उम्म मित्वल्ली आमच्या आजीच्या शेजारी आहे. दोघी वाफ्याजवळ बसून लोणी काढायच्या म्हणे, म्हणून आजीनंच जागा मागून घेतली होती. ईदला आई दोघींना पाणी घालते. एकीला घालून दुसरीला नाही असं कधी झालं नाही. येऊन बघा. खरंच या."

इन्शिराहनं ओढणी डोळ्यांना लावली. खैरियानं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"अब्दुल-बारी, बाळा, मी तिची मैत्रीण. ती रडतेय, म्हणजे येणार. मी पण येणार. मासे कोणते आवडतात तुझ्या आईला?"

*

गाणं आलं, पण इन्शिराहनं एकटीनं ऐकलं नाही. मुद्दाम नाही. दोघांचं होतं ते. खैरियाला म्हणाली, तू ये, अब्लालाही आण, दम्म्याला माणसं लागतात.

चौघं मित्वल्लीच्या खोलीत बसली. खिडकी उघडी होती, बाहेर गॅलरीत धुणं फडफडत होतं. इन्शिराहनं त्याला उशा लावून बसतं केलं आणि भिंतीवरची सिमसिमिया काढून त्याच्या डाव्या हाताखाली ठेवली. त्यानं बोटं तारांवर ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं, हे आता कशाला, असं.

"ऐक," ती म्हणाली. "कफ्र शाहीनहून आलंय."

घरात ते नाव पहिल्यांदाच निघालं. मित्वल्लीच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

गलका आला. भांडी आली. खोकला आला. मग मिसरूड फुटलेला मित्वल्ली गायला लागला.

*कालव्या रे, दार उघड,*
*चुलीवर ठेवलंय आधण.*
*चहाची पत्ती माझ्या मुठीत,*
*साखर राहिली अंगणात.*

म्हातारा मित्वल्ली हलला नाही. मग बोटं चालू लागली. तारा दाबत, सोडत, मागून, अगदी बरोबर. छेडणारा हात गाण्यातला होता, दाबणारा खाटेवरचा. खैरियानं टाळी धरली. अब्लानंही धरली, जरा चुकीच्या ठिकाणी. इन्शिराहनं धरली नाही. ती त्याच्या ओठांकडे बघत होती.

गाण्यातला मित्वल्ली रंगात आला होता. नावं घेऊ लागला. मुखियाला हाक मारली, हशा. नवऱ्यामुलाला मारली, मोठा हशा. आणि मग एकदम जवळून, पेटीच्या शेजारी वाकून म्हटल्यासारखं:

"इन्शिराऽह! झोपलीस काय गं? टाळी दे!"

आणि त्याच्या मागोमाग एका बाईचा आवाज, हळू, दटावणारा, हसू दाबलेला:

"झोपू दे रे पोरीला."

इन्शिराहचे हात मांडीवरच राहिले. हा आवाज ती विसरली होती. विसरली आहे हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. टाळ्या वाजत राहिल्या, गाणं पुढं गेलं, संपलं, कुणीतरी पेटी बंद केली.

मित्वल्लीनं डावा हात उचलला आणि मोबाइलकडे दाखवला. पुन्हा.

पुन्हा लावलं. त्यानं डोळे मिटले. कालवा आला, आधण आलं, अंगणातली साखर आली. त्याचे ओठ ओळींच्या मागून चालत होते, आवाज नव्हता. मुखिया गेला. नवरामुलगा गेला. मित्वल्लीची छाती वर आली, मानेच्या शिरा ताणल्या, आणि गाण्यातल्या पोराच्या बरोबरीनं, एक पाऊल मागून, घोगरा, फाटका, पण सुरात:

"इन्शि...राऽह."

अब्लानं तोंडावर हात ठेवला.

"टा..." तो म्हणाला. पुढचं येईना. जीभ अडली. घाम फुटला. त्यानं डोळे उघडले आणि रागानं, अगदी दम्म्यात बघायचा तसं, बहिणीकडे बघितलं. सगळे टाळ्या देतायत आणि ही बसून राहिलीय.

"झोपले नाही रे," इन्शिराह म्हणाली. "जागी आहे."

आणि तिनं हात उचलले.